आमच्या सुनेचा ब

आमच्या फ्रिजच्या दारावर सहा महिने एक कागद चिकटवलेला होता आणि माझं त्या कागदाशी पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘बोधनिक मानसशास्त्र: अभ्यासक्रमाच्या अटी आणि गुणदानाची पद्धत’. नाव वाचतानाच माझी बोबडी वळली. खाली नुसत्या अटी. हजेरी इतकी हवी. चाचण्या दोन, शेवटी लेखी परीक्षा. स्वतः एक प्रयोग करून त्याचा अहवाल द्यायचा, तो वर्गासमोर उभं राहून सांगायचा. शिवाय दुसऱ्यांच्या प्रयोगांतही जाऊन बसायचं, म्हणजे आज तुम्ही त्यांचे उंदीर, उद्या ते तुमचे. उशीर झाला की दिवसाला एक श्रेणी खाली. आणि सगळ्यात शेवटी, शिकवणाऱ्या मॅडमच्या सहीवर, ‘घरचं कार्य, पाहुणे, प्रवास ही कारणं ग्राह्य धरली जाणार नाहीत.’ मी म्हटलं, कोण ही बाई? हिच्याकडे कधी कोणी येत-जात नाही वाटतं!

त्यातली एक ओळ आमच्या सुनेने लाल पेनाने अधोरेखित केली होती. ‘सहभागी व्यक्तींना प्रयोगाचा हेतू आधीच कळल्यास अंमलबजावणीचे गुण मिळणार नाहीत, आणि प्रयोग निरुपयोगी ठरल्यास संपूर्ण अहवाल बाद होईल.’ दूध काढायला फ्रिज उघडला की ती ओळ डोळ्यांसमोर यायची. मला वाटायचं, असेल काहीतरी, आपल्याला काय त्याचं.

आता सुनेबद्दल सांगते, नाहीतर मी त्या कागदावरच भांडत बसेन.

आमची सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. माणसाला भिंतीवरच्या अक्षरांसमोर बसवायचं, एक काच काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, ‘आता बरं दिसतं की मघाशी दिसत होतं?’ दिवसभर हेच. मी असते तर तिसऱ्या गिऱ्हाइकाला काचेसकट बाहेर काढलं असतं. हिचा आवाज कधी चढला नाही. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा पहिले काही महिने मला वाटलं, पोरगी जरा मंदच आहे. काहीही विचारा, ‘एक मिनिट हं, आई,’ म्हणायची आणि खरंच विचार करत उभी राहायची. खिडकी लावू का, एवढ्यावरसुद्धा! आमच्या घरात विचार करून बोलायची पद्धतच नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, तिथे थांबलात की मागे चार जण खोळंबतात. आमचे हे बस डेपोत फोरमन, इंजिन चालू असताना ओरडून बोलायची सवय, ती निवृत्त झाल्यावरही गेली नाही. चिरंजीव आम्हा दोघांच्या वरताण. अशा गोंगाटात ही शांतपणे विचार करून बोलायची आणि वर्षभरात माझ्या लक्षात आलं, की घरात शेवटी हिचंच ऐकलं जातंय. मंद कुठली!

लग्नाच्या वेळी तिचं कॉलेज अर्धवट राहिलं होतं. त्याचं तिने कधी काही बोलून दाखवलं नाही. मग तिच्या वडिलांना झटका आला. शिंपी होते ते, माणूस भारी बोलघेवडा, माप घेता घेता गिऱ्हाइकाच्या घरची सगळी कुंडली काढायचे. झटक्यानंतर उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. पण सगळं नाही गेलं, हीच तर गंमत. समोर चमचा धरला तर चमचा म्हणता येईना. सुनेला हाक मारायला गेले तर तोंड उघडायचं आणि तसंच राहायचं. पण एकपासून शंभरपर्यंत आकडे धडाधड म्हणायचे. आणि शिव्या! एकेक इतकी स्वच्छ, की दवाखान्यातल्या नर्सा तोंड फिरवून हसायच्या.

सून दुकान सुटलं की रोज तिकडे जायची. पुनर्वसन केंद्रातली एक बाई तिथे यायची, चित्रं दाखवून त्यांना बोलतं करायचा प्रयत्न करायची. ही तिला खोदून खोदून विचारायची, ‘चमचा गेला आणि शिवी राहिली, असं कसं? डोक्यात दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी असतं का?’ ती बाई एक दिवस म्हणाली, ‘एवढं विचारतेस तर शीक की.’ वडील दीड वर्षाने गेले. त्यानंतर एकदा जेवताना सून म्हणाली, ‘आई, मी कॉलेज पुरं करणार आहे.’ तिचा विचार आधीच करून झाला होता, म्हणून आम्हाला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. मला ते फार आवडलं.

दुकान सांभाळून, घर सांभाळून, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन तिने एकेक विषय सोडवला. शेवटी उरला हा फ्रिजवरचा. त्या पुनर्वसन केंद्रात तिच्यासाठी मदतनीसाची जागा होती. अट दोनच गोष्टींची: पदवी हवी आणि या विषयात निदान ब श्रेणी हवी. जागा त्यांनी उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवली होती, पुढे दुसऱ्या कुणाला देणार होते.

विषय शिकवणाऱ्या मॅडमना मुलं ‘कात्री’ म्हणायची. का, ते पहिल्या चाचणीतच कळलं. सुनेने पुस्तकातलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं आणि मॅडमनी निम्मे गुण छाटले. समासात शेरा होता, ‘हे पुस्तक मी वाचलं आहे. तुम्हाला काय समजलं ते लिहा.’ मी म्हटलं, बाई आहे की कसाई! सून म्हणाली, ‘बरोबर आहे त्यांचं.’ दुसऱ्या चाचणीत तिने स्वतःच्या शब्दांत लिहिलं, चष्म्याच्या दुकानातली उदाहरणं दिली, आणि गुण भरून निघाले. पण पुरते नाहीत. तिने हिशोब मांडला: अहवाल नीट गेला तर ब मिळेल. अहवाल बाद झाला तर लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी पडले तरी क. म्हणजे सगळं त्या प्रयोगावर येऊन ठेपलं.

प्रयोग ठरला स्मरणशक्तीचा, साठीच्या पुढच्या माणसांवर. आधी घरात करून बघायचा म्हणून तिने मला खुर्चीवर बसवलं. म्हणाली, ‘आई, मी काही शब्द ऐकवते. नंतर विचारेन, अमुक शब्द त्यात होता का. एवढंच.’

‘एवढंच?’ मी म्हटलं. ‘अगं, अर्ध्या शहराचे नंबर तोंडपाठ होते मला. डायरी म्हणून उघडली नाही कधी.’

तिने फोनवर स्वतःच्या आवाजात शब्द लावले. गादी, उशी, चादर, पलंग, जांभई, स्वप्न, घोरणं, डुलकी, असे बरेच. मग विचारायला लागली. चादर होता का? होता. पाऊस होता का? नव्हता. झोप होता का?

‘होता म्हणजे! उशीच्या पाठोपाठ होता.’

‘खात्री आहे?’

‘तुझ्या आवाजात ऐकलाय मी!’

नव्हता. तिने पुन्हा लावलं, नव्हता. मी म्हटलं, फोन बिघडलाय. तिसऱ्यांदा लावलं, तेव्हा मी कान फोनला चिकटवून ऐकलं. झोप नव्हताच. मग दुसरी यादी, बर्फ, स्वेटर, कुडकुडणं असली. त्यात मी थंडी ऐकली, तीही नव्हती. तिसरीत खिडकी, चौथीत डॉक्टर. चारही वेळा मी छातीठोकपणे सांगितलं आणि चारही वेळा तोंडावर आपटले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचे हे खिडकीशी पेपर धरून बसले होते, त्यांचा पेपर हसण्याने हलत होता. मी त्यांना चहाचं आधण ठेवायला आत पिटाळलं.

ते आत गेल्यावर सून माझ्याजवळ येऊन बसली. ‘आई, तुम्ही चुकला नाहीत. डोकं असंच चालतं. ते नुसतं साठवत नाही, जुळवतं. गादी, उशी, चादर ऐकलं, की झोप ते स्वतःच घालून टाकतं. सगळ्यांचं होतं. वय वाढलं की जास्त होतं का, तेवढं मला बघायचंय. माणसं इथे फसणं हाच माझा प्रयोग आहे. म्हणून हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर सगळं मुसळ केरात.’

मी शब्द दिला. एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर लोकांची बोलणी कानावर पडली, त्यातलं अक्षर कधी बाहेर गेलं नाही. मी तोंड शिवून घेतलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर निवृत्त लोकांची खोली. पत्ते, बुद्धिबळ, दोन सोफे आणि सगळ्यांच्या दुखण्यांच्या चर्चा. सुनेने तिथल्या माणसांची परवानगी घेतली, सह्या घेतल्या, बाजूची छोटी खोली मागून घेतली. मॅडमनी आयत्या वेळी सांगितलं की चार याद्या कमी पडतील, एक वाढवा, म्हणून तिने पाचवी यादी बनवली. दोरा, टोक, टोचणं, शिवण असे शब्द, आणि त्यात नसलेला शब्द होता सुई. ती तिने दुकानात बसूनच रेकॉर्ड केली.

पहिल्या दिवशी एक निवृत्त नर्सबाई आणि आणखी काही जण बसले. सगळे छान फसले. सून खूश. मी दारात खुर्ची टाकून एकेकाला आत सोडत होते, तेव्हा नर्सबाई जिन्यावर आमच्या ह्यांना म्हणाल्या, ‘अहो, मी तर सपशेल आपटले! सगळ्यांत चुकले.’ बाई नियमाला धरून होती हो, आतलं बाहेर सांगायचं नाही म्हटल्यावर शब्द एकही सांगितला नाही. पण ह्यांच्या काळजात धस्स झालं.

का झालं, ते कळायला डेपो माहीत पाहिजे. डेपोत वर्षातून एकदा वरचे साहेब तपासणीला यायचे आणि कुठल्याही मेकॅनिकला उभं करून प्रश्न विचारायचे. मेकॅनिक अडखळला की शेरा फोरमनला. त्यामुळे आमचे हे तपासणीच्या आधी सगळ्यांना रांगेत उभं करून उत्तरं घोटून घ्यायचे. ह्यांच्या डेपोला कधी वाईट शेरा मिळाला नाही, हे आमच्या घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने ऐकलेलं आहे. माझी परीक्षा त्यांनी पेपराआडून ऐकली होती, चारही शब्द कानात बसले होते. पुढचं समजावणं तेवढं ऐकलं नव्हतं, कारण तेव्हा ते चहापाशी होते. त्यांचा हिशोब सरळ होता: म्हातारे चुकणार आणि गुण सुनेचे जाणार!

झालं. त्यांनी पत्त्यांचा डाव थांबवला आणि उरलेल्या सगळ्यांना कामाला लावलं.

दुसऱ्या दिवसापासून सून कोड्यात पडली. माणूस आत येतो, ऐकतो, आणि ‘झोप होता का’ विचारलं की फटकन ‘नाही’. थंडी? नाही. खिडकी? मुळीच नाही. एकही फसेना. फक्त पाचव्या यादीत मात्र सगळे ‘सुई? होता की!’ म्हणून मोकळे. सून घरी येऊन आकडे बघत बसायची. म्हणाली, ‘आई, काहीतरी चुकतंय माझं. इतकी पक्की माणसं पुस्तकात नाहीत.’ आमचे हे शेजारी बसून मिशीत हसत होते. मला वाटलं, ह्यांना आपलं कौतुक वाटतंय.

शेवटच्या दिवशी घड्याळवाले आजोबा आले. ऐंशी ओलांडलेले, घड्याळं दुरुस्त करायचे म्हणून घड्याळवाले. आत जाऊन खुर्चीत बसले. सुनेने अजून फोनला हातही लावला नव्हता, तोच त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, ‘झोप नाही, थंडी नाही, खिडकी नाही, डॉक्टर नाही. झालं ना? हातातला डाव टाकून आलोय मी.’

मी दारात ताडकन उभी राहिले.

सून अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं, आजोबा?’

‘कुणी म्हणजे? तुझ्या सासऱ्यांनी! दोन दिवस तालीम चाललीय आमची. चुकलं की पहिल्यापासून.’

ती आधी हसली. खरंच हसली, तोंडावर हात धरून. आणि मग तिचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. अहवाल द्यायला आठवडाही नव्हता. नवी माणसं घ्यायची तर कॉलेजची परवानगी पुन्हा काढायला लागणार, तिची मुदत संपलेली. आणि फ्रिजवरची ती लाल ओळ! मला ती एकदम मोठमोठ्या अक्षरांत दिसायला लागली.

घरी आल्यावर मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. ‘तुम्हाला कुणी सांगितला होता हो नसता उपद्व्याप? पोरीचं तीन वर्षांचं शिक्षण, आणि तुम्ही त्याची डेपोतली तपासणी करून टाकलीत!’ आमचे हे आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. म्हणाले, ‘अगं, तिला गुण मिळावेत म्हणून केलं मी.’ हे खरंच होतं, म्हणून मला आणखी राग आला.

संध्याकाळी चिरंजीव आले. सगळं ऐकलं आणि म्हणाले, ‘एवढंच ना? पुस्तकात आकडे आहेत, थोडे इकडेतिकडे करून तेच लिही. तुझ्या वर्गातही लिहितच असतील. कोण येतंय म्हाताऱ्यांना विचारायला? लिहिलंस की अ येईल, ब कशाला घेऊन बसलीस!’

सून म्हणाली, ‘एक मिनिट.’

ते मिनिट काही संपेना. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत बसलो. मग ती बोलली.

‘केंद्रात मी माणसांसमोर बसणार. त्यांना काय आठवलं, काय नाही, ते लिहून ठेवणार. त्यावरून डॉक्टर पुढचं ठरवणार. माझ्या वडिलांचं तसंच ठरवलं होतं. मी पहिलाच कागद खोटा लिहिला, तर माझे पुढचे कागद कुणी का खरे मानावेत?’

चिरंजीव गप्प झाले. आमच्या घरात ही काही लहानसहान गोष्ट नाही. आणि मी सांगते, त्या क्षणी माझा ऊर असा भरून आला, की ब मिळाला काय आणि ढ मिळाला काय, मला काही फरक पडणार नव्हता. म्हणजे पडणार होता, पण तो नंतर.

मग ती कामाला लागली. दुसऱ्या दिवशी ह्यांना बरोबर घेऊन वाचनालयात गेली आणि एकेकाला विचारलं, तुमची तयारी करून घेतली होती का, हे मी अहवालात लिहिलं तर चालेल का. प्रत्येकासमोर आमचे हे मान खाली घालून उभे. घड्याळवाले म्हणाले, ‘लिही की. आणि लिही, मी एकदाही चुकलो नाही.’ घरी येऊन तिने आकडे पुन्हा मांडले. पहिल्या दिवशीची माणसं तयारीशिवाय बसली होती, ती पाचही याद्यांत फसली. नंतरची, घोटून घेतलेली, चार याद्यांत फसली नाहीत आणि पाचवीत तितकीच फसली. तिने हे जसंच्या तसं लिहिलं. ठरवला होता तो प्रयोग झाला नाही, हे पहिल्याच पानावर. कारणही तिथेच: ‘संशोधिकेच्या सासऱ्यांनी गैरसमजातून सहभागींची तयारी करून घेतली.’

आमचे हे ते वाचून कळवळले. ‘अगं, सासरे कशाला लिहितेस? एक व्यक्ती असं लिही.’

‘बाबा, मॅडम विचारणार, कोण व्यक्ती.’

‘मग निदान निवृत्त फोरमन तरी लिही.’

तिने ते तेवढं लिहिलं. अहवाल वेळेवर गेला.

अहवाल वर्गासमोर सांगायच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. प्रयोगात बसलेल्या माणसांना शेवटी खरा हेतू समजावून सांगायचा, अशीही एक अट होतीच, म्हणून तिने मॅडमना विचारून सगळ्यांना बोलावलं होतं. वर्गात पुढे वीस-बावीस वर्षांची मुलं, मागे आमची म्हातारी पलटण. मॅडम दिसायला एवढ्याशा, केस आखूड, आवाज बारीक. माझ्या डोक्यात कात्री म्हणजे चांगली उंच बाई होती.

सुनेने सगळं शांतपणे सांगितलं. झोप सांगितलं, सुई सांगितलं, तयारीचं सांगितलं. मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत.

‘तयारी कुणी करून घेतली?’ त्यांनी विचारलं.

आमचे हे उठले. साहेबांसमोर उभे राहायचे तसे ताठ. ‘मी घेतली.’

‘आणि सुईच्या यादीची?’

‘ती मला माहीत नव्हती, मॅडम. नाहीतर तीही घेतली असती.’

सगळा वर्ग खदखदून हसला. मॅडमनी हात वर केला. मग त्या सुनेकडे वळल्या. ‘नियम वाचला होता तुम्ही?’

‘हो. फ्रिजवर लावलाय.’

‘मग अंमलबजावणीला किती गुण द्यावेत, तुम्हीच सांगा.’

मला वाटलं, निम्मे म्हणेल. निम्मे मागायला काय हरकत होती?

‘शून्य,’ ती म्हणाली.

‘शून्य काय म्हणून?’ मी उठलेच. मला राहवेना. ‘तिने काय केलंय? चूक आमच्या ह्यांची आणि शून्य हिला? हा कुठला न्याय, मॅडम?’

‘आई, बसा,’ सून म्हणाली. आवाज तोच, दुकानात काच बदलतानाचा. ‘प्रयोग माझा होता. घरात करून बघितला तेव्हा बाबा खोलीत होते. मी तुम्हाला सूचना दिली, त्यांना दिली नाही. ते माझं काम होतं.’

मी बसले. मागून नर्सबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मॅडम म्हणाल्या, ‘आणि प्रयोग निरुपयोगी ठरला का? तसं असेल तर सगळा अहवाल बाद करावा लागेल मला.’

आमच्या ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला, की माझी बोटं दुखायला लागली.

‘नाही ठरला,’ सून म्हणाली. ‘वयाबद्दल मला काहीच सांगता येणार नाही, ते मी लिहिलंय. पण सावध केलेली माणसं त्या चार शब्दांपुरतीच सावध राहिली. पाचव्या वेळी, दोन दिवस तालीम करूनही, ती बाकीच्यांइतकीच फसली. फसवणूक माहीत असूनही डोकं आपलं जुळवायचं काम सोडत नाही, एवढं या आकड्यांवरून दिसतं. थोड्या माणसांवरून दिसतं, हेही लिहिलंय.’

मॅडमनी तिच्याकडे बघितलं, मग कागदावर काहीतरी लिहिलं. ‘बसा,’ म्हणाल्या. ‘पुढचे कोण?’

बस, इतकंच. मी जिन्यावरून उतरताना त्या बाईच्या नावाने इतकं बोलले, की घड्याळवाल्यांनी स्वतःचं कानातलं यंत्र बंद केलं.

अहवाल परत आला तेव्हा अंमलबजावणीपुढे शून्य होतं. बाकीच्या रकान्यांत पैकीच्या पैकी. लेखी परीक्षेला सून तापात गेली, पण गेली. आणि निकालाच्या दिवशी मला बरोबर घेऊन गेली. फलकावर नावं नव्हती, नुसते क्रमांक. तिने बोटाने ओळ धरली, एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. म्हणाली, ‘आई, तुम्ही वाचा.’

ब.

ती तिथेच पायरीवर बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. इतक्या वर्षांत मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं, बापाच्या वेळीसुद्धा आमच्यासमोर नाही. मीही तिच्या शेजारी बसून रडले, चांगली मोठ्याने. येणारीजाणारी मुलं बघत होती. बघेनात का! माझी सून पास झाली होती, तिची जागा तिला मिळणार होती, आणि त्यातला एकेक गुण तिचा स्वतःचा होता.

आता ती केंद्रात जाते. आमचे हे रोज संध्याकाळी तिला विचारतात, आज कोण काय बोललं. ती कुणाचं काही सांगत नाही, आणि त्यांना ते पटतं.

परवा खालच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. त्यांच्या मुलीला कशात तरी अ मिळालाय, ते त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं. मग विचारलं, ‘तुमच्या सुनेला ब ना? अरेरे, थोडक्यात अ हुकला म्हणायचा.’

‘हुकला नाही हो,’ मी म्हटलं. ‘अ आमच्या घरी चालून आला होता. हिनेच घेतला नाही.’